सहा आठवडे कोणाच्या खात्यावर?

ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या बीड जिल्ह्यात सर्रास काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि काही आठवडे महाराष्ट्र हादरल्यासारखा झाला. जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या किंचित वर आहे. पुढे बीडमधील खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी बजावले. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण या सगळ्या धावपळीचा रोख एकाच प्रश्नावर राहिला, की पिशवी काढायची की नाही. काढल्यावर ती बाई घरी जाते तेव्हा तिचे काय होते, याबद्दल ना सभागृहात फार कोणी बोलले, ना वर्तमानपत्रांत. माझे म्हणणे असे, की बरे होण्याचा काळ हा शस्त्रक्रियेचाच भाग धरला पाहिजे आणि त्याचा हिशेब शस्त्रक्रियेच्या आधी मांडला गेला पाहिजे. तसा तो मांडला गेला, तर अनावश्यक शस्त्रक्रियांना परवानगीच्या शिक्क्याने बसतो त्याहून अधिक चाप बसेल.

हे दुसरे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून आधी त्याचेच पाहू. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. राहायला पाचटाची नाहीतर प्लास्टिकची कोपी, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीत कपडा धुवायला पुरेसे पाणी नाही. त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटाचे दुखणे मागे लागते. ही बाई दवाखान्यात जाते तेव्हा ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, मुले झालीच आहेत तर काढून टाका’ हे वाक्य तिला पटते. ती अडाणी असते म्हणून पटते, असे समजणाऱ्याने तिचा हिशेब नीट पाहिलेला नसतो. दर महिन्याचे दोन-चार खाडे एका बाजूला आणि एकदाच काय ते दहा-पंधरा दिवस दुसऱ्या बाजूला, असा तो सरळ व्यवहार आहे. त्यातली खोट एवढीच, की दुसऱ्या बाजूचा आकडा चुकीचा सांगितला गेलेला असतो. खरा आकडा वजन न उचलण्याच्या किमान सहा आठवड्यांचा आहे, आणि पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर काही वर्षांचा. हे तिला आधी कळले, तर तीच बाई निर्णयाआधी आणखी एखाद्या डॉक्टरला विचारील, संसर्गावर औषध मागेल, थांबून पाहील. वरून लादलेल्या परवानगीला पळवाटा फुटतात. शेजारच्या जिल्ह्यात नाहीतर शेजारच्या राज्यात जाऊन ऑपरेशन करून येता येते. स्वतःच्या हिताचा हिशेब समजलेल्या बाईला मात्र असे सहज वळवता येत नाही.

आता हे सहा आठवडे म्हणजे नेमके काय? घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर बहुतेक वेळा ‘आराम करावा, जड वस्तू उचलू नये’ एवढीच ओळ असते. जड म्हणजे किती, हे त्यात नसते. पंधरा लिटरची भरलेली कळशी पंधरा किलोंच्या वर जाते, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीसच्या आसपास असतो, भिजलेली गोधडी पिळून दोरीवर टाकायची तर पोटावर ताण येतोच, आणि दोन वर्षांचे मूल रडत हात वर करते तेव्हा ‘जड वस्तू’ असे कोणी म्हणत नाही. वजन उचलताना, खोकताना, शौचाला जोर करताना पोटातला दाब खाली येतो, आणि खाली योनीच्या वरच्या टोकाला जिथे गर्भाशयाचे मुख होते तिथे आता टाक्यांची शिवण असते. म्हणून बद्धकोष्ठ होऊ न देणे हा इथे उपचाराचा भाग आहे. पाणी, भाज्या, इसबगोल, लागले तर रेचक. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची, खाटेवरून उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळायचे, पण दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालायचे, कारण पडून राहिले तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. काही दिवस ते काही आठवडे हलका तपकिरी स्राव जातो, तो चालतो. मात्र रक्त भळाभळा जाऊ लागले, स्रावाला दुर्गंधी आली, ताप चढला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, दम लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. शरीरसंबंध साधारण सहा आठवड्यांनी आणि तपासणीत शिवण भरल्याचे दिसल्यावर. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम पुढे कायम करायचे, नाहीतर काही वर्षांनी तो भाग खाली सरकण्याची तक्रार घेऊन यावे लागण्याची शक्यता वाढते. एवढे सगळे सांगायला पंधरा मिनिटे लागतात. ती पंधरा मिनिटे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतात.

आता दुर्बिणीने ऑपरेशन होते, बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते आणि पंधरवड्यात हिंडूफिरू लागते, तेव्हा सहा आठवड्यांचे जुने पुराण कशाला, असा एक आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. दुर्बिणीच्या किंवा योनीमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणे कमी असते, संसर्ग कमी होतो, आणि बैठे काम असलेली बाई तीन-चार आठवड्यांत, कधी त्याआधीही, कामावर परतू शकते. पण वर छोटी छिद्रे असली तरी आतून काढलेला अवयव तोच असतो आणि आतली शिवण भरायला तेवढाच काळ लागतो. उलट बाहेर मोठी जखम दिसत नाही म्हणून घरच्यांना आणि मालकाला ती बाई ठणठणीत वाटते, आणि तिलाही तसे वाटू लागते. संगणकावर काम करणारी आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी, यांना एकच ‘पंधरवडा’ लागू होत नाही. ज्या बाईचे काम जास्त कष्टाचे, तिला जास्त विश्रांती हवी. आपल्याकडे मिळते ती नेमकी उलट.

अंडाशयांचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि तो सर्वात कमी बोलला जातो. गर्भाशय काढले की पाळी थांबते. पण अंडाशय शाबूत असतील तर ते संप्रेरके बनवत राहतात. तेही काढले तर इस्ट्रोजेनचा पुरवठा एकाएकी तुटतो. नैसर्गिक रजोनिवृत्तीत शरीराला काही वर्षे मिळतात, इथे एक रात्र मिळते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, झोप उडणे, योनीमार्गाचा कोरडेपणा, चिडचिड हे लगेच. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा वाढता धोका हे सावकाश. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७च्या सुमारास थांबते. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत गर्भाशय काढल्याच्या वेळचे मध्यक वय होते ३४. म्हणजे अशा वयात अंडाशयही गेलेल्या बाईला दहा-बारा वर्षे इस्ट्रोजेनशिवाय काढावी लागतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासासारख्या मोठ्या अभ्यासांत दिसले आहे, की अंडाशय काढल्याने अंडाशयाचा कर्करोग टळतो हे खरे, पण एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढते. म्हणून अनुवंशिक धोका किंवा दुसरे ठोस कारण नसेल, तर तरुण स्त्रीचे अंडाशय राखावेत, आणि काढावेच लागले तर, कर्करोगासारखी अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकांचा उपचार द्यावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. पिशवीच नसल्यामुळे बहुधा एकट्या इस्ट्रोजेनवर भागते. अंडाशय राखले तरी काहींची रजोनिवृत्ती थोडी लवकर येते, हेही सांगायला हवे. पण कित्येक बायकांना आपले अंडाशय काढले की ठेवले हेच ठाऊक नसते. गर्भाशयाचे मुख ठेवले असेल तर त्याच्या कर्करोगाची तपासणी पुढेही करत राहावी लागते. तेही माहीत नसते. स्वतःच्या पोटात काय शिल्लक आहे हे माणसाला माहीत नसावे, याला संमतीपत्रावरचा अंगठा उत्तर देऊ शकत नाही.

मनाकडे वळताना जरा जपून बोलले पाहिजे, कारण इथे दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. ‘पिशवी गेली की बाईपण गेले, बाई खचते’ ही एक. ‘कटकट गेली, आता रडायचे कशाला’ ही दुसरी. पुरावा दोघींनाही साथ देत नाही. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात सुमारे १,३०० स्त्रियांचा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे मागोवा घेतला गेला आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुसंख्य स्त्रियांचे रक्तस्राव, वेदना, थकवा आणि उदासी कमी झालेली दिसली. लैंगिक आयुष्याबद्दलही बहुतेकींचा अनुभव तसाच किंवा आधीपेक्षा बरा होता. महिन्यातले पंधरा दिवस रक्त जात असेल तर ते थांबल्यावर असे होणे स्वाभाविक आहे. पण ज्या स्त्रिया आधीपासून उदासीने किंवा चिंतेने ग्रासलेल्या होत्या, त्यांना आराम पडण्याचे प्रमाण कमी होते. मेयो क्लिनिकच्या २०१९च्या अभ्यासात, अंडाशय राखूनही गर्भाशय काढलेल्या सुमारे २,१०० स्त्रियांमध्ये पुढच्या काही दशकांत नैराश्य आणि चिंताविकार तुलनेने अधिक आढळले, आणि ३५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये नैराश्याची ही वाढ जास्त होती. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होते. योग्य कारणासाठी, योग्य वयात, स्वतः समजून-उमजून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक बायका सुटकेचा श्वास सोडतात. तरुण वयात, घाईने, भीती घालून केलेली शस्त्रक्रिया मागे काहीतरी ठेवून जाते. आणि सुटका वाटणाऱ्या बाईलाही मधूनच रडू येऊ शकते. मूल नको असले तरी होऊ शकते ही शक्यता कायमची मिटणे ही लहान गोष्ट नव्हे. तिला ‘आता काय झाले’ असे विचारणारे घर आणि डॉक्टर, दोघेही तिला गप्प करतात. आधी उदासीचा त्रास होता का, हा एक प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारला आणि सहाव्या आठवड्याच्या तपासणीत झोप, भूक, मन कसे आहे हे विचारले, तरी कोणाला पुढची मदत लागेल हे बऱ्याच अंशी कळू शकते. तो प्रश्न बाईला विचारायचा असतो, बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला नव्हे.

इतके बोलून बायकांना घाबरवले जाईल आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्याही ऑपरेशन टाळतील, अशी काळजी काही स्त्रीरोगतज्ज्ञ व्यक्त करतात. ती मी हलकी मानत नाही. कर्करोग असेल, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन तळाला गेले असेल, गाठी मोठ्या असतील, पिशवी बाहेर येत असेल, तर हे ऑपरेशन आयुष्य परत देते आणि ते टाळणे घातक ठरू शकते. पण माहिती दिल्याने भीती वाढते हे मला पटत नाही. भीती घालण्याचे काम तर ‘कॅन्सर होईल’ या वाक्याने आधीच झालेले असते. सहा आठवड्यांत काय होणार हे ठाऊक असलेली बाई तिसऱ्या दिवशीच्या स्रावाने हबकत नाही आणि आठव्या दिवशीचा ताप अंगावर काढत नाही. शिवाय ज्या डॉक्टरने हे सगळे समजावून सांगितले, त्याने सुचवलेल्या ऑपरेशनवर ती अधिक विश्वास ठेवील.

खरा अडसर घरात आणि कामाच्या ठिकाणी आहे. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना असतो. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाण्यात हात घालू न देणे, माहेरचे माणूस सोबतीला. त्यातल्या काही समजुती टाकाऊ असतील, पण मुळाशी असलेला हिशेब पक्का आहे. तो जवळजवळ सहाच आठवड्यांचा आहे. तेच गर्भाशय काढून टाकले की मात्र टाके निघाल्यावर बाई चुलीपाशी. वंशाला काही देण्यासाठी झिजलेल्या शरीराला विश्रांतीचा मान, आणि स्वतःच्या दुखण्यासाठी झिजलेल्याला नाही, असाच याचा अर्थ निघतो. कायदाही याच चालीने चालतो. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवडे आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे पगारी रजा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्या तरतुदी तशाच आल्या. गर्भाशय काढल्यानंतरच्या रजेचा त्यात उल्लेखही नाही. हे अशक्य आहे म्हणून नव्हे. केरळ आणि आंध्र प्रदेश आपल्या महिला कर्मचाऱ्यांना यासाठी ४५ दिवसांची विशेष रजा देतात. अर्थात ही झाली सरकारी नोकरीची गोष्ट. बहुसंख्य बायका शेतात, वीटभट्टीवर, दुसऱ्याच्या घरी धुण्याभांड्यांना जातात, आणि तिथे रजा म्हणजे मजुरीवर पाणी.

मग पैसा कोण देणार, आणि पैसे मिळतात म्हणून उलट ऑपरेशने वाढणार नाहीत का? हा दुसरा प्रश्न बिनतोड आहे असे अनेकांना वाटते, आणि सरकारी विमा योजनांच्या नावाखाली गरज नसलेल्या बायकांच्या पिशव्या काढल्याचे आरोप बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले असल्याने तो झटकून टाकता येत नाही. पण तिथे पैसा मिळत होता तो रुग्णालयाला आणि तो शस्त्रक्रिया केल्याबद्दल. विश्रांतीचा भत्ता बाईच्या खात्यात जाईल, पूर्वपरवानगी मिळालेल्या शस्त्रक्रियेलाच मिळेल आणि सहाव्या आठवड्याच्या तपासणीशी जोडलेला असेल, तर रुग्णालयाला त्यात कमाईचे आमिष उरत नाही. रुग्णालयाच्या देयकाचाही काही भाग त्या तपासणीपर्यंत राखून ठेवावा. रुग्ण परत आली, अंडाशयांची नोंद कार्डावर मराठीत लिहिलेली सापडली, की तो द्यावा. बुडालेल्या मजुरीइतका भत्ता सगळ्यांना देणे तिजोरीला जड जाईल हे मान्य. म्हणून सुरुवात ऊसतोड कामगारांपासून करावी. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, आणि हंगामात पिशवीच्या ऑपरेशननंतरचा खाडा मुकादमाने कापू नये हा नियम करायला तर पैसाही लागत नाही. पाठपुराव्याला माणसे कुठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर गावात आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बेचाळीस दिवस म्हणजे तेच सहा आठवडे. पिशवी काढलेल्या बाईसाठी यातल्या तीन-चार भेटी जोडल्या, तर नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मात्र आशांना त्याचा वेगळा मोबदला द्यावा लागेल. फुकटात कामे वाढवण्याची सवय सरकारला लागली आहे, ती इथे नको.

आणि ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली त्यांचे काय? समितीने मोजलेल्या त्या १३,८६१ जणींपैकी अनेक जणी तेव्हा तिशी-चाळिशीत होत्या. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या कोणत्याही आदेशाचा त्यांना उपयोग नाही. ज्यांचे अंडाशयही गेले त्यांची हाडे मात्र या वर्षांतही झिजतच आहेत. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या निघण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी त्यांची तपासणी ठेवता येईल. अंडाशय आहेत का हे सोनोग्राफीने पाहणे, ‘ड’ जीवनसत्त्व आणि रक्तदाब तपासणे, ज्यांना चालेल त्यांना संप्रेरकांचा उपचार सुरू करणे, कॅल्शियमच्या गोळ्या देणे, झोप लागते का एवढे विचारणे, आणि कंबर-गुडघे धरलेल्या बाईला या हंगामात मोळी वाहण्याऐवजी हलके काम द्यावे असे लेखी प्रमाणपत्र देणे. मुकादम ते मानेल की नाही हा पुढचा झगडा आहे. पण प्रमाणपत्र हातात असेल तरच तो करता येईल. पाहणीच्या वेळी या बायकांची मोजदाद झालेलीच आहे, तेव्हा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला ही कामाची यादी नव्याने शोधायलाही जावे लागणार नाही.